लेकरांच्या उंचीची खोली

(दृश्य : बंद दार, कुलूप उघडणारे हात)

बीड जिल्हा. बालाघाटच्या डोंगरातलं एक गाव. मृग तोंडावर आलाय, ढग भरून येतात अन् तसेच निघून जातात. मे महिन्यात अंगणवाडी बंद होती. म्हणून ताई आणि मदतनीस आधी हातात झाडू घेत नाहीत, काठी घेतात. सतरंजीची घडी काठीनंच उलगडायची, खेळण्यांची पेटी काठीनंच पालथी करायची. विंचवाला असल्याच जागा आवडतात. त्यानंतर झाडलोट, आणि पत्र्याच्या भोकांना डांबर.

आता भिंती. रंगवलेल्या भिंती फोटोत छान येतात. पण मोर काढलेला असतो रंगाऱ्याच्या उंचीवर. तीन वर्षांच्या लेकराची उंची साधारण ९५ सेंटिमीटर. त्याच्या वाट्याला मोराचे पाय येतात. पिसारा बघतात भेटीला आलेले साहेब. इथल्या ताई आधी जमिनीवर मांडी घालून बसतात आणि तिथून बघून तक्त्याची जागा ठरवतात. फळाही तसाच: वीतभर उंचीवरून सुरू होणारा काळा पट्टा. त्यावर लेकरांनी काय वाट्टेल ते गिरवावं.

(दृश्य : ज्वारीची ताटं, सोलणारी बोटं. इथं काही क्षण निवेदन नाही.)

ताटाची साल सोलायची, आतल्या भेंडाचे तुकडे करायचे, सालीच्याच काड्या खोचून ते जोडायचे. झाली बैलगाडी. सालीला धार असते, त्यामुळे सोलणं मोठ्यांकडं. चिंचोके एका बाजूनं फरशीवर घासून पांढरे केलेत. पाच वर्षांची पोरं ते उधळून काळे किती, पांढरे किती, मोजतात. तीन वर्षांचं लेकरू मात्र चिंचोका सरळ नाकात घालतं, म्हणून डबा वरच्या फळीवर. सीताफळाच्या बिया इथं हव्या तेवढ्या मिळतात, पण त्यांची भुकटी डोळ्यात गेली तर इजा होते. त्या बिया खोलीत आणायच्याच नाहीत.

असं हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवणं महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा बिया, पानं, शिंपले हीच त्यांची साधनं होती. अंगणवाडीची सरकारी योजना आली त्यानंतर ३० वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला.

(दृश्य : वजनकाटा, दंडघेराची पट्टी)

या गावातली निम्मी तयारी खोलीबाहेरची आहे. दिवाळीच्या सुमारास घरंच्या घरं ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परततात. फडावर, कोपीत म्हणजे तिथल्या झोपडीत राहून आलेल्या लेकरांचं ताई आधी वजन करतात, मग दंडघेर. तो ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला, तर लेकरू तीव्र कुपोषित; त्याच्यासाठी अक्षरांचा तक्ता थांबू शकतो. त्या घरी ताई स्वतः जातात. "आजी, पहिले आठ दिवस तुम्ही बी येऊन बसा दाराशी," असं सांगून येतात.

आज्या येतात. लेकरू रडलं की आजीकडं बघतं, दोन घास खातं, परत ठोकळ्यांकडं जातं. चार दिवसांनी त्याला आजीची आठवणही राहत नाही. पण आज्यांचं मन रमलेलं असतं. त्यांना घरी कसं पाठवायचं, हा ताईंचा पुढचा प्रश्न.