शिवोलीचा रेमो आणि आपल्या घरातली गाणी

[दृश्य : जळगाव जिल्ह्यातल्या एका गावातली खोली. दार बंद. भिंतींना टांगलेल्या गोधड्या.]

बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणतंय, तरी पंखा बंद आहे. त्याची घरघर माइकमध्ये येते. गोधड्यांमुळे आवाज घुमत नाही. लॅपटॉपवर ठेका तयार आहे, वहीत अहिराणीतली दोन कडवी उतरली आहेत. खान्देशात आज कितीतरी गाणी अशी घरातच बनतात आणि थेट यूट्यूबवर चढतात. लग्नसराईत बॅण्डवाल्यांनी वरातीत उचललं की गाणं चाललं, हा इथला हिशेब.

ही गाणी करणाऱ्या पोरांना एका माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते. गोव्याचा गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस.

[दृश्य : लग्नाची वरात. ट्रम्पेट, ढोल, नाचणारी मंडळी.]

त्याचा आवाज आपल्याकडे नाव माहीत नसलेल्यांनीही ऐकलाय. १९९५ साली 'बॉम्बे' चित्रपटातलं 'हम्मा हम्मा' गाजलं. संगीत ए. आर. रेहमानचं, हिंदीतला आवाज रेमोचा. १९९८ मध्ये 'प्यार तो होना ही था'चं शीर्षकगीत त्याने जसपिंदर नरुलाबरोबर गायलं. पण सिनेमाच्या दोन-चार गाण्यांवर रेमोची ओळख संपावी, हे मला पटत नाही. त्याचं मोठं काम त्याआधीच होऊन गेलं होतं, आणि तेही राहत्या घरात.

रेमोचा जन्म १९५३ चा, गोव्यातला. गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला १९६१ च्या डिसेंबरात, तेव्हा हा आठ वर्षांचा. पुढे मुंबईत सर जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकला, तिथल्या बॅण्डमध्ये गायला. १९७७ ते १९८० या काळात युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत हिंडला, वाटेत भेटतील त्या वादकांबरोबर वाजवत राहिला. एवढं जग पाहून तो परत आला तो शिवोलीला, आपल्या गावात. गोव्याबद्दल इंग्रजीत गाणाऱ्या या गड्याला मोठ्या कॅसेट कंपन्यांनी नकार दिला. मग १९८४ मध्ये त्याने 'गोअन क्रेझी' हा अल्बम घरीच केला. सगळी वाद्यं त्याची, सगळे आवाज त्याचे. कॅसेट तयार झाल्या तेव्हा पिवळ्या स्कूटरवर टाकून दुकानोदुकानी पोचवल्या, त्याही त्यानेच.

[दृश्य : जुना कॅसेट रेकॉर्डर, फिरणारी टेप.]

इथे थोडं थांबू, कारण घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे कळायला हवं. रेमोकडे चार ट्रॅकचा, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे भरता येणारा, कॅसेट रेकॉर्डर होता. फक्त चार. आज आपल्या मोबाइलमधल्या ॲपवरही यापेक्षा जास्त मिळतात. चार ट्रॅकच्या यंत्रावर पुरं बॅण्ड उभं करायचं तर तीन वाद्यं तीन ट्रॅकवर वाजवायची, ती एकत्र करून चौथ्यावर उतरवायची, की पहिले तीन पुन्हा मोकळे. त्यांवर पुढची वाद्यं. पण एकदा एकजीव झालेली वाद्यं परत सुटी करता येत नाहीत. ड्रम जोरात राहिला तर तो कायमचा जोरात. शिवाय दर उतरवणीला टेपची सूं वाढत जाते. म्हणजे पहिलं वाद्य वाजवतानाच अख्खं गाणं डोक्यात वाजत असलं पाहिजे. ती तयारी रेमोची होती, म्हणूनच तो पुढे इतक्या वेगवेगळ्या वाटांना निर्धास्त वळू शकला.

आणि किती वाटा! १९८५ मध्ये श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'साठी गाणी. १९८६ मध्ये अमली पदार्थांविरुद्धचा अल्बम. १९८७ मध्ये मुंबई शहरावर अल्बम आणि त्याच वर्षी 'जलवा'चं शीर्षकगीत. राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांच्यासमोर गोव्याची दुखणी त्यांचंच नाव घेऊन गाण्यात मांडली. स्थानिक सत्ताधाऱ्यांना ते झोंबलं, पंतप्रधानांनी मात्र कार्यक्रम आवडल्याचं कळवलं. १९९२ मध्ये तर राजकारण्यांवरच अल्बम काढला.

[दृश्य : रावेरकडचा रस्ता. केळीने भरलेले ट्रक.]

रेमोची गाणी ऐकताना मला राहून राहून आपल्या मातीची आठवण येते. आपल्याकडे ठेका आहे, आणि काय ठेका आहे! पाय आपोआप उठतात. गळाही आहे. विषय मात्र बहुतेक वेळा एकच, नटलेली पोर आणि तिच्यामागे फिरणारा पोरगा. तेही गाणं हवं, वरात त्याशिवाय हलायची नाही. पण केळीच्या बागा आडव्या करणाऱ्या वादळावर गाणं कुठे आहे? कापूस घरात ठेवून चांगल्या दराची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यावर? सुरतेला कामाला गेलेल्या भावावर? असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पेरणी, मोट, खोप्यातली सुगरण, सगळं त्यांच्या ओवीत आलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची कविता पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. ज्या मुलुखात हे घडलं, तिथल्या पोरांनी एकाच विषयावर अडून बसू नये, असं मनापासून वाटतं.

रेमो अडून बसला नाही. सिनेमात नाव झाल्यावरही त्याने चालणारी धून पुन्हा पुन्हा विकली नाही. गिटारवाला रेमो बासरीही तितक्याच आपुलकीने वाजवत राहिला. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. मदर तेरेसांवर त्याने रॉक ऑपेरा रचला, २०२१ मध्ये आत्मचरित्र लिहिलं.

[दृश्य : पुन्हा ती खोली. पोराने हेडफोन कानाला लावलाय.]

आपल्यातल्या कुणाला रेमो ऐकायचा असेल तर सुरुवात 'हम्मा'पासून करू नका, 'गोअन क्रेझी'पासून करा. पहिल्यांदा नुसतं गाणं ऐका. दुसऱ्यांदा फक्त बास गिटारच्या खालच्या सुरांकडे लक्ष द्या, मग फक्त ड्रमकडे, मग मागच्या कोरसकडे. आणि मग आपलं अर्धं राहिलेलं गाणं उघडून त्यातली वाद्यंही अशीच एकेक करून तपासा.