केळीच्या बागेत पुढचं किती पाहायचं?

मंडळी, जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचा भाव चढला की रोपवाटिकेत बुकिंगला रांग लागते. पण ज्या भावाकडे बघून रोप घेतलं, तो भाव त्या रोपाच्या घडाला मिळत नाही. टिश्यूकल्चर रोप कटाईला यायला साधारण 11-12 महिने लागतात, कंदाच्या बागेला त्याहून जास्त. तेवढ्यात शेजाऱ्याचीही बाग उभी राहिलेली असते.

अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचं प्रारूप म्हणतात. हे नाव 1934 साली निकोलस काल्डॉर यांनी दिलं. आपण हिशेबापुरते आकडे धरू. शंभर शेतकरी आहेत. पहिल्याचा क्विंटलमागचा खर्च 20 रुपये, दुसऱ्याचा 40, असं करत शंभराव्याचा 2000. (20 रुपयांत केळी कुठे पिकते, हे विचारू नका, गुणाकार सोपा जातो.) जितक्यांनी लावली त्याला 20 ने गुणायचं आणि 2400 मधून वजा करायचं, तो भाव. 60 जणांनी लावली तर भाव 1200, आणि 1200 मध्ये 60 जणांचाच खर्च बसतो. सगळं जागच्या जागी.

आता एका साली सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने बागा उपटाव्या लागल्या आणि 50 जणांचाच माल निघाला. भाव 1400. तो पाहून 70 जण लावतात, भाव 1000 वर येतो. तो पाहून 50 जणच लावतात, पुन्हा 1400. गाडी कधी थांबतच नाही.

मग एक पाऊल पुढचं पाहिलं तर? 1400 चा भाव बघून हुशार माणूस म्हणतो, ‘आता 70 जण लावणार, भाव 1000 होणार, आपण थांबू.’ बरोबर. पण शंभरही जणांनी हाच विचार केला, तर 1000 मध्ये ज्यांचं भागतं असे 50 जणच लावतात आणि भाव निघतो 1400! थांबलेले वीस जण हात चोळत बसतात. उलट, निम्मे आजचा भाव पाहणारे आणि निम्मे एक पाऊल पुढचं पाहणारे असले, तर पहिल्यांतले 35 आणि दुसऱ्यांतले 25 मिळून 60 जणांची लागवड होते आणि भाव नेमका 1200. म्हणजे किती दूर पाहायचं, हे बाकीचे किती दूर पाहतात त्यावर ठरतं. त्याचा अंदाज पारावरच्या गप्पांपेक्षा रोपवाटिकेच्या बुकिंगवरून चांगला येतो. तोही एकदाच घेऊन चालत नाही. सगळं रान एका तारखेला न लावता मृगबाग (जून-जुलैची लागवड) आणि कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची) असं विभागलं, तर दुसऱ्या लागवडीच्या वेळी नवी माहिती हातात असते.

नजर कुठेतरी तोडावीच लागते. बुद्धिबळाच्या संभाव्य डावांची संख्या क्लॉड शॅनन यांनी 1950 मध्ये एकावर 120 शून्ये इतकी काढली होती. संगणकसुद्धा काही चालींवर थांबतो, आणि थांबतो तिथल्या पटाला किंमत लावतो. आपण नेमकं हेच विसरतो. हिशेब पहिल्या कटाईवर तोडला आणि उरलेल्या रानाची किंमत शून्य धरली, की कागदावर शेणखत तोट्यातच दिसतं आणि पिलबागेसाठी, म्हणजे त्याच खुंटाच्या पुढच्या पिकासाठी, पील (बुंध्याचा कोंब) राखणंही फुकटचं काम वाटतं. वर्षाच्या खंडाने रान कसणाऱ्याची मात्र यात चूक नाही. त्याच्यापुरती ती किंमत खरोखरच शून्य आहे. ती बदलायची तर करार तीन वर्षांचा करावा लागेल, आणि तो मालकाच्या हातात आहे.