बदकं कमी दिसली की कमी झाली?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत लाँग-टेल्ड डकचं नाव घेतलं आणि कमेंटमध्ये एकच प्रश्न: ‘ताई, आमच्या गुहागरला येतात तीच का ही?’ नाही हो! पुळणीवर पांढरे थवे बसतात ते कुरव, म्हणजे सीगल. हे समुद्री बदक कोकणात येतच नाही. वीण आर्क्टिकच्या टुंड्रात, हिवाळा उत्तर युरोपातल्या बाल्टिकसारख्या थंड समुद्रात. एवढं पुरे.

आता आकडे ऐका. १९९२-९३ च्या हिवाळ्यात बाल्टिकमध्ये ही बदकं सुमारे ४२ लाख होती. २००७ ते २००९ च्या मोजणीत उरली १५ लाखांच्या आसपास. २०१२ पासून ती आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ आहेत.

यावर एकाने लिहिलंय, ‘गेली असतील दुसरीकडे.’ इथे जरा थांबू. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव लागला की कुरव तिकडे जातात आणि गुहागरची पुळण रिकामी दिसू शकते. म्हणून कुरव संपले म्हणायचं का? एका जागी कमी दिसणं वेगळं, एकूण कमी होणं वेगळं. टफ्टेड डक ही दुसरी बदकाची जात हिवाळा उबदार झाल्यावर खरंच उत्तरेकडे सरकली. म्हणूनच बाल्टिकचा एखादा कोपरा मोजून भागत नाही. जहाजातून, विमानातून अख्खा समुद्र मोजला, दोन्ही वेळा. बदकं नुसती या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्याला गेली असती, तर बेरीज एवढी कोसळली नसती. ‘मला दिसली नाहीत’ ही मोजणी नव्हे, कृपा करून!

कारणं अनेक: तेलगळती, शिंपल्यांचा घटलेला कस, टुंड्रात पिल्लं कमी जगणं. माझ्या मनाला सर्वांत जास्त लागतात ती मासेमारीची जाळी. आपल्या कांडाळीसारखंच बारीक नायलॉनचं जाळं पाण्यात उभं असतं. बदक शिंपल्यांसाठी खोल बुडी मारतं, धागा दिसत नाही, मान अडकते, श्वास घ्यायला वर येता येत नाही. आमच्या खाडीत काकांच्या जाळ्यात असाच पाणकावळा आला होता. पंखाभोवती धाग्याचे इतके वेढे, की कोयतीने एकेक कापावा लागला. तो जिवंत होता, उडाला. तिकडे जाळं वर येईपर्यंत बहुतेक पक्षी बुडालेले असतात.

कुरव कमी झालेत असं वाटणाऱ्यांनी जानेवारीत पुळणीची तीच हद्द, भरती-ओहोटीची तीच वेळ धरून मोजा, दरवर्षी. आणि एकही दिसला नाही तर शून्य लिहा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी टाका; त्यात कुरव नसणं हेच तिथलं शून्य.