लाल अक्षरांचं नाव

श्रोतेहो, नमस्कार. आज तुम्हाला तोक्योत न्यायचंय, आणि तेही सकाळी सकाळी स्मशानात. दचकू नका. निप्पोरी स्टेशनातून बाहेर पडलं की हाकेच्या अंतरावर यानाकाची दफनभूमी आहे. दफनभूमी म्हणायचं, पण जपानात दहनच होतं. दगडाखाली असतात त्या अस्थी. १८७४ पासूनची ही जागा. सुमारे ७,००० थडगी, शेवटचे शोगुन, म्हणजे जपानचे लष्करी राज्यकर्ते, तोकुगावा योशिनोबू इथेच आहेत. मधल्या चेरीच्या रस्त्याला तेन्नोजी देवळाच्या पाच मजली पॅगोड्याचे नुसते पायाचे दगड उरलेत. १९५७ साली तो जळाला.

मी गेलो होतो सप्टेंबरात. तेव्हा तिथे ओहिगान असतो, दिवसरात्र समान होतात तो आठवडा. आपल्या पितृपंधरवड्याच्या आसपासचे दिवस. बादली, पळी, फुलं, उदबत्ती घेऊन घरोघरचे लोक येतात आणि पूर्वजांचा दगड आंघोळ घातल्यासारखा धुतात.

करड्या दगडांत एकावर दोन नावं दिसली. एक दगडाच्याच रंगाचं, दुसरं लालभडक. वा! उकिडवा बसलो आणि खटाखट फोटो सुरू. (जाता जाता, जपानात विकतात त्या बहुतेक मोबाइलचा फोटो काढतानाचा आवाज बंद करता येत नाही. फार चांगली पद्धत. आपल्याकडच्या लग्नांत तर हवीच हवी. पंगतीत तोंडात घास असताना फोटो काढणारे तरी कळतील.)

तर, मागे बादली टेकल्याचा आवाज आला. वळून पाहतो तो ऐंशीच्या घरातल्या आजीबाई. मी गडबडून उठलो, वाकलो. त्यांनी लाल नावाकडे बोट दाखवलं आणि तेच बोट स्वतःच्या नाकावर ठेवलं. पुन्हा नाव, पुन्हा नाक. जपानात ‘मी’ म्हणताना नाकाकडे बोट नेतात, हे आठवायला मला मिनिटभर लागलं. ते नाव आजींचंच होतं!

मुक्कामाच्या घरमालकांनी संध्याकाळी उलगडून सांगितलं. नवरा गेला की दगडावर बायकोचंही नाव कोरून ठेवायची पद्धत. ती हयात आहे तोवर अक्षरांत लाल रंग, गेली की रंग काढतात. लाल म्हणजे जिवंत, श्रोतेहो. लाल म्हणजे जिवंत.

पुन्हा सकाळकडे. मी कॅमेरा पिशवीत घालायला लागलो, तर आजींनी हात आडवा केला. “चोत्तो मात्ते.” जरा थांब. वाळकी फुलं काढली, पळीपळीने पाणी ओतलं, फडक्याने आजोबांचं नाव पुसलं, मग स्वतःचं. रिकामी बादली माझ्या हातात दिली. नळावर माझ्या दोन खेपा झाल्या. उदबत्ती लागली, तेव्हा कुठे बाजूला सरकल्या आणि हनुवटीने खूण केली, आता काढ.

आजूबाजूची देवळं राहिलीच की! कान्नोनजीची माती आणि कौलांच्या थरांची भिंत तेवढी चुकवू नका. आणि देवळामागची थडगी तिथल्या घरांची असतात, विचारल्याशिवाय कॅमेरा काढायचा नाही. विचारल्याशिवाय नाही.

माझा फोटो? ओल्या दगडावर ऊन चमकलं, दोन्ही नावं पांढरीधोप आली. आधीचे, न धुतलेल्या दगडाचे फोटो झकास आलेत. ते मी कुणाला दाखवत नाही. नमस्कार.