आधी गोळी, मग चहा

(दृश्य: सदाशिव पेठेतली जुनी सोसायटी. सकाळ.)

सहा वाजलेत. दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात मोबाईलचा गजर वाजतो, पण तो उठवण्यासाठी लावलेला नाही. काकू कधीच्याच जाग्या आहेत. कुशीवर वळणं, पाय खाली सोडणं, उभं राहणं, यातलं काहीच अजून त्यांच्या ताब्यात आलेलं नाही. काका पाण्याचा पेला आणि पहिली गोळी पुढे करतात. चहा मात्र अर्धा-पाऊण तासानं. पेठेत राहणाऱ्या माणसासाठी ही शिक्षा किती मोठी, ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

काकूंना पार्किन्सन आहे. मेंदूत खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्या पेशी डोपामिन तयार करतात, आणि हालचाल सुरू करायला, ती हवी तेवढी मोठी ठेवायला हे डोपामिन लागतं. या पेशी मरत जातात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 साली या आजाराचं वर्णन लिहिलं. लेव्होडोपा हे औषध रुग्णांच्या हाती यायला त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं गेली. आजही मुख्य आधार त्याचाच आहे. ते डोपामिनची उणीव भरून काढतं, पण पेशींचं मरण थांबवत नाही. थांबवणारं औषध अजून सापडलेलं नाही.

काकूंचं निदान सरळ झालं नाही. सुरुवातीला फक्त उजवा हात चालताना हलेनासा झाला. खांदा आखडलाय, असं ठरलं आणि शेक, तेल, व्यायाम सुरू झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून फोडणीतल्या हिंगाचा वास येत नव्हता. तोही याच आजाराचा भाग असू शकतो, हे तेव्हा घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

(दृश्य: दारापुढची फरशी. रांगोळीचा डबा.)

आता हा हात जवळून पाहा. मांडीवर रिकामा पडलेला असताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत राहतात, चिमटीतून रांगोळी सोडावी तशी. आणि खरी रांगोळी चिमटीत आली की कंप बराचसा ओसरतो! हा कंप विश्रांतीतला. हात कामाला लागला की तो मागे सरतो. ठिपके नीट पडतात. खोट दिसते ती रेघांमध्ये. पहिली रेघ वीतभर, पुढची त्याहून आखूड, आणि शेवटच्या पाकळ्या अगदी चिमुकल्या. अक्षराचंही तसंच होतं, बँकेत सही जुळत नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंचं त्यावर एकच सांगणं असतं: "काकू, तुम्हाला वाटतंय त्याच्या दुप्पट मोठं काढा." दुप्पट म्हणून काढलेलं फूल कॅमेऱ्यात आम्हाला नेहमीच्या आकाराचं दिसतं.

पाय अडकतात ते स्वयंपाकघराच्या दारात. मन पुढे गेलेलं असतं, पावलं जमिनीला चिकटलेली. काका सवयीनं हात धरायला धावतात.

"अहो, ओढू नका. पडेन मी. थांबा, मी मोजतेय."

ओढलं की तोल जातो, हे खरंच आहे. त्याऐवजी थांबायचं, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर न्यायचा आणि ठेका धरायचा. काकूंचा ठेका "ज्ञानोबा-तुकाराम". आषाढीला निघालेल्या पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला येतात, तेव्हा टाळकरी पावली खेळतात त्या चालीवरचा. चौथ्या बोलाला पाऊल उचललं जातं. उंबऱ्यापुढे मुलानं रंगीत चिकटपट्ट्याही लावल्यात. सपाट फरशीवर अडणारी पावलं आडव्या रेघा ओलांडायला तयार होतात. म्हणूनच की काय, पर्वतीच्या 103 पायऱ्या काकूंना घरातल्या पॅसेजपेक्षा सोप्या वाटतात. अर्थात, कठडा धरून आणि काकांना सोबत घेऊन.

चालणं ही इथे हौस नाही, उपचाराचाच भाग आहे. नियमित व्यायामानं चाल, तोल, झोप, मन सगळ्यालाच फायदा होतो. पण तो गोळीचा असर चांगला असलेल्या वेळेत करायचा. त्यामुळे अख्खा दिवस घड्याळाला बांधलेला. प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात एकाच वाटेनं आत शिरतात, दोघांची गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून डॉक्टरांना विचारून मटकीची उसळ दुपारच्या पानातून रात्रीच्या पानात गेली. बंद नाही केली, फक्त वेळ बदलली. तरी दुपारी गोळीचा जोर ओसरतोच. "पुण्यातली दुकानं एक ते चार बंद, तशी मीपण," काकू सांगतात. त्या वेळात कुणी फोन करायचा नाही. केला तर काका उचलतात आणि अस्सल पुणेरी आवाजात ठेवतात.

सल्ले देणाऱ्यांना मात्र कुठलीच वेळ बंद नसते. कुणीतरी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं. या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो, हे खोटं नाही. आयुर्वेदाला ही वनस्पती जुनीच माहीत आहे. पण गोळी चालू असताना वरून हे चूर्ण घेतलं तर मात्रा कुठल्या कुठे जाते. त्याहून घातक म्हणजे "आता गोळ्या सोडा" हा सल्ला. लेव्होडोपा अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. आम्हाला विचाराल तर आशेच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्यांचा राग येतो. काकू रागावत नाहीत. पुडी कपाटात पडून आहे.

रडणं होतं. उदासी या आजाराचं एक लक्षणच आहे, तिच्यावरही औषध आहे, आणि ते घ्यायला काकूंनी फार उशीर केला असं काकांना वाटतं.

(दृश्य: सभागृह. खुर्च्या, टाळ्या, हास्य.)

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्णांचं आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचं. नर्तक हृषीकेश पवार यांनी या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले तेही याच शहरात. काकूंना नाच जमत नाही, असं त्या म्हणतात, गप्पा जमतात. एकमेकांना विचारायचे प्रश्न इथे वेगळेच. "पोट साफ होतं का?" हा पहिला. बद्धकोष्ठ कंपापेक्षा जास्त छळतं, हे बाहेर कुणाला सांगणार?

आज एक नवे गृहस्थ आलेत. चेहऱ्यावर हावभाव नाहीत, आवाज घशातच. नाव, गाव, गोळ्या, सगळं त्यांची पत्नीच सांगतेय.

"तुम्ही थांबा हो वहिनी," काकू म्हणतात. "त्यांना बोलू दे."

ते ओठ हलवतात. पुढच्या रांगेलाही काही कळत नाही.

"मोठ्यानं! भाजीवाल्याला हाक मारताय असं समजा. मागच्यांना ऐकू आलं पाहिजे."

ते पुन्हा सांगतात. या वेळी मागून कुणीतरी ओरडतं, "आलं, आलं! पुढे बोला."