पुस्तक हाताला लागलं पाहिजे

(दृश्य: भिलार. स्ट्रॉबेरीची तोडणी, मागे डोंगर. मग रस्त्याकडेच्या चितारलेल्या भिंती.)

पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे, मुख्य रस्ता सोडून थोडं आत गेलं की भिलार. गाव स्ट्रॉबेरीचं. थंडीत वाफ्यांवर तोडणी चालते, खोकी भरतात, गाड्या निघतात. पण या भिंती बघा, आणि दारावरच्या पाट्या. एका घरात कादंबरी, शेजारी चरित्रं, पुढच्या आळीला संतसाहित्य, कुठे नुसते दिवाळी अंक.

4 मे 2017 ला भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. कल्पना सुचली वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून. ते गाव जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. इथे पुस्तकं मांडली ती विकायला नाही, वाचायला. पुस्तकं आणि कपाटं सरकारच्या राज्य मराठी विकास संस्थेची, चित्रं ‘स्वत्व’ संस्थेच्या चित्रकारांची, आणि जागा गावकऱ्यांची. सुरुवातीला 25 ठिकाणं होती आणि पंधरा हजारांच्या घरात पुस्तकं.

जागा म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. रिकामं सभागृह कुणीही देईल. इथे लोकांनी राहत्या घराची पुढची खोली दिली, पडवी दिली. आत कुकरची शिट्टी होतेय आणि बाहेर मुंबईहून आलेला अनोळखी माणूस चपला काढून खुर्चीत बसलाय, हातात ऐतिहासिक कादंबरी. घरच्या बाईने त्याला पाणी विचारायचं, आणि संध्याकाळी त्याने भलत्याच कप्प्यात कोंबलेली पुस्तकं परत जागेवर लावायची. या कामाची बातमी होत नाही.

(दृश्य: पुढची खोली. काचेचं कपाट. खाली, जमिनीलगत, उघडा कप्पा.)

आम्ही आलो ते मात्र पाहुण्यांसाठी नव्हे, या घरातल्या पोरांसाठी. वरच्या काचेला कडी आहे. खालचा कप्पा उघडा, त्यात मुलांची पुस्तकं. घरातली धाकटी अडीच वर्षांची. तिने कुणाला विचारलेलं नाही. दोन्ही हातांनी पुस्तक ओढलं, ते पायावर पडलं, तिने तिथेच बैठक मारली. पुस्तक उलटं आहे. मागून पुढे चाललंय. एका पानावर ती थांबते, बोट ठेवते आणि काहीतरी मोठ्याने सांगते. आपल्याला कळत नाही, तिला कळतंय.

पुष्कळ घरांत पुस्तकं असतात, पण माळ्यावर किंवा शोकेसमध्ये. फाटतील म्हणून. फाटतात, खरंच फाटतात. या कप्प्यातल्या निम्म्या पुस्तकांच्या पाठीला चिकटपट्टी आहे. ज्या पुस्तकाला ती नाही, ते कुणाच्या आवडीचं नाही, इतकं सरळ आहे.

(दृश्य: पडवी. आजी, मांडीवर नात, शेजारी पाच वर्षांचा नातू.)

आजी सावकाश वाचतात, शब्दाखाली बोट ठेवून. जोडाक्षराला अडखळतात. अडलं की पुस्तक बाजूला ठेवून स्वतःच्या मनाचं सांगतात, आणि तिथेच पकडल्या जातात.

(मूळ आवाज: “आजे, असं न्हाई! माकड आधी येतंय!”)

नातवाला अक्षरं येत नाहीत. गोष्ट पाठ आहे. कुठल्या पानावर काय, हे त्याला आजीपेक्षा पक्कं ठाऊक. पालक विचारतात, मूल वाचायला कधी लागणार? आमचं म्हणणं, हे वाचायला लागलेलंच मूल आहे. पान कुठून उलटायचं, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, चित्र आणि शब्द एकमेकांना धरून असतात, एवढं त्याला आजीच्या बोटामागून कळलंय. मुळाक्षरांचा तक्ता त्यानंतरही भिंतीवर लावता येतो. तीच गोष्ट पाचव्यांदा मागितली तर मोठ्यांना कंटाळा येतो. मुलाला मात्र पुढे काय होणार हे माहीत असण्याचीच मजा असते.

(निवेदन नाही. पूर्ण गोष्ट मूळ आवाजात.)

या घरातली मोठी मुलं शाळेत बरी वाचतात, असं घरचे सांगतात. ‘पुस्तकांचं गाव’ ही योजनाही भिलारच्या पुढे गेली. वेरूळ, अंकलखोप, पोंभुर्ले ही आता पुस्तकांची गावं आहेत.

(दृश्य: सातारा शहर. दोन खोल्यांचं घर, शिलाई मशीन.)

प्रत्येक घराला सरकार कपाट देणार नाही. या ताई ब्लाउज शिवतात. त्यांच्याकडे पुस्तकांसाठी ठरलेले पैसे नाहीत, पण मोबाइल आहे. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’चं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून सुरू आहे. त्यावर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात, उतरवून छापायलाही मोकळ्या. मोठ्या मुलांसाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर आहेत.

त्यांनी निवडलेली गोष्ट झेरॉक्सच्या दुकानात पाठपोट छापून घेतली. काळ्या-पांढऱ्यात, कारण रंगीत परवडत नाही. रंग मुलं भरतात. आता हात बघा. कागद मधोमध दुमडले. घडी नखाने दाबली. मशीनला जाड दोरा, टाका लांब. टाका बारीक ठेवला तर भोकं जवळजवळ पडतात आणि पान घडीवरच सुटतं, ब्लाउजच्या कापडाला ही भीती नसते. पहिला टाका घडीच्या टोकापासून थोडा आत. मग एकच सरळ शिवण, शेवटी दोऱ्याला हाताने गाठ. वर जुन्या कॅलेंडरचं पान, कव्हर म्हणून. चहा उकळेपर्यंत पुस्तक तयार.

मशीनच्या पायाशी पुठ्ठ्याचं खोकं आहे, अशी शिवलेली पुस्तकं त्यातच पडतात. शिलाई चालू असताना मुलगा खोक्यात हात घालतो. ताई पायडल थांबवत नाहीत, तो वाचतो आणि त्या अधूनमधून विचारतात, “मग काय झालं?”

आजच्या पुस्तकात दुसरा कागद उलटा शिवला गेलाय. वाघ आधी पळून जातो, मग येतो. ताई उसवायला कात्री घेतात, पण मुलगा पुस्तक सोडत नाही. त्याला ती गोष्ट अशीच हवी आहे.