कुर्लीतलं आर्सेनिक कोणतं?

कुर्ल्यांच्या किलोभर मांसात चार-पाच मिलिग्रॅम आर्सेनिक निघालं, अशी बातमी उद्या पणजीत पसरली, तर मासळी बाजारात दुपारपर्यंत कोणी फिरकणार नाही. 2018 साली मासळीतल्या फॉर्मेलिन या रसायनाच्या गदारोळात आपण ते पाहिलंच आहे. पिण्याच्या पाण्याला मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमची. म्हणजे कुर्लीत चार-पाचशे पट विष! आकडा खरा असू शकतो, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा.

मासे, सुंगटं, कुर्ल्या यांच्यातलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबिटेन या सेंद्रिय, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या रूपात असतं. 1977 साली ऑस्ट्रेलियात ते रॉक लॉब्स्टरमधून वेगळं काढून ओळखलं गेलं. आपलं शरीर त्याला मोडत नाही. जसं आलं तसं ते लघवीवाटे निघून जातं. घातक ते असेंद्रिय आर्सेनिक, आपल्या जुन्या सोमलाच्या घराण्यातलं; ते कर्करोगाला कारण ठरतं. मासळीत त्याचा वाटा सहसा अगदी किरकोळ. तिसऱ्या, शिणाणे या शिंपल्यांत आर्सेनोशुगर, म्हणजे साखरेला जोडलेली आर्सेनिकची रूपं आढळतात. शरीरात त्यांची रूपं बदलतात, म्हणून त्यांना अजून कोणी सरसकट निर्दोष म्हणत नाही. मीही म्हणणार नाही.

मग ही रूपं वेगळी कशी मोजायची? एकूण आर्सेनिक मोजताना नमुना कडक आम्लात, भरपूर तापवून पार मोडून टाकतात. इथे ते चालत नाही. सौम्य नायट्रिक आम्लात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून नमुना बेताने गरम करायचा. आर्सेनाइट आणि आर्सेनेट ही असेंद्रिय आर्सेनिकचीच दोन रूपं. या आम्लाने आर्सेनाइटचं आर्सेनेट होतं, आणि हे मुद्दाम करायचं असतं, कारण क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या स्तंभात आर्सेनाइट आर्सेनोबिटेनच्या अगदी पाठोपाठ बाहेर पडतं. आलेखावर दोघांचे उंचवटे एकमेकांत मिसळले, की निरुपद्रवी पदार्थ विषाच्या खात्यात जमा होतो. आर्सेनेट मात्र स्तंभाला धरून बसतं आणि सावकाश, एकटं येतं.

पुढे प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त आर्गॉन वायू, आणि वस्तुमानावरून अणू ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर. तिथे समुद्र स्वतःच खोड्या काढतो. आर्सेनिकचं वस्तुमान 75. प्लाझ्मातला आर्गॉन 40, मिठातलं क्लोरीन 35. दोघांची जोडी जमली की बेरीज 75 च! खाऱ्या नमुन्यात नसलेलं आर्सेनिक दिसू लागतं. त्यावर तोड म्हणून वाटेत हेलियम सोडतात. आकाराने मोठी असलेली ही जोडी हेलियमवर जास्त वेळा आदळते, दमते आणि गाळली जाते.

म्हणून अहवाल हातात आला की 'एकूण' लिहिलंय की 'असेंद्रिय', हे आधी बघा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये माशांसाठी किलोमागे 2 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती असेंद्रिय आर्सेनिकाचीच.

लघवीच्या तपासणीतही हाच घोळ होतो. रात्री कुर्ल्यांचं शाकुती हाणलं आणि सकाळी नमुना दिला, तर आकडा आभाळाला भिडतो. त्याआधी तीन-चार दिवस मासळी बंद ठेवायला सांगतात. गोंयकाराला हे सांगायचं कसं, ते डॉक्टरांनी ठरवावं. मी तर श्रावणात तपासणी करायला सांगतो.